निकितीन, अफनासी

(? – सु. १४७५). पंधराव्या शतकात समुद्रमार्गे दख्खनमध्ये आलेला रशियन व्यापारी, प्रवासी व प्रवासवर्णनकार. व्होल्गा नदीच्या वरच्या खोऱ्यातील त्व्हेर या नगराचा तो रहिवासी. ‘निकितीन’ हे त्याचे कुलनाम नसून ‘निकिताचा पुत्र’ अशा अर्थाचे पितृनाम आहे. कॅस्पियन समुद्र, अरबी समुद्र व काळा समुद्र ओलांडून केलेल्या प्रवासाचा वृत्तांत त्याने स्वतः लिहून ठेवला. तो तीन समुद्रांपलीकडील प्रवास या नावाने प्रसिद्ध आहे. वास्को-द-गामा कालिकतला पोहोचला (१४९८), त्यापूर्वी सुमारे पाव शतक निकितीन चौलच्या बंदरात उतरला होता. चौल, जुन्नर व त्यांना जोडणारा घाटमार्ग या ज्या प्रदेशाचे वर्णन त्याने केले, त्याच प्रदेशातून पुढे वीस वर्षांच्या आत अहमदनगरची निजामशाही उदयास आली. त्यामुळे अहमदनगर (आता अहिल्यानगर) व त्याच्या लगतच्या प्रदेशाच्या इतिहासाच्या दृष्टीने या वृत्तांताला विशेष महत्त्व आहे.

कालनिर्णय : निकितीनचे जन्मवर्ष, बालपण व शिक्षण यांविषयी माहिती मिळत नाही. त्याचा प्रवास १४६६ ते १४७२ या काळात झाला, असे दीर्घकाळ मानले जात होते. वृत्तांतातील ईस्टर, रमजान इ. सणांचे उल्लेख आणि बहमनी राज्याच्या मोहिमांची वर्णने यांची छाननी करून १९८०च्या सुमारास रशियन संशोधकांनी १४६८ ते १४७४-७५ हा काळ सुचविला. या मतानुसार तो १४७१ ते १४७४ या काळात भारतात होता. बीदरचा सुलतान वीस वर्षांचा असल्याचे तो नमूद करतो. तिसरा मुहम्मदशाह बहमनी १४६३ मध्ये अल्पवयात गादीवर आला, ही गोष्ट या नव्या कालगणनेशी सुसंगत आहे. अलीकडील अभ्यासक बहुधा हीच कालगणना स्वीकारतात.

प्रवासाचा आरंभ : भारतात जाण्याच्या उद्देशाने निकितीन घराबाहेर पडला नव्हता. कॅस्पियन समुद्राच्या पश्चिमेस असलेल्या शिर्वानच्या राज्यात व्यापार करावा, एवढाच त्याचा हेतू होता. मॉस्कोचा ग्रँड ड्यूक तिसरा इव्हान याच्याकडून नव्वद शिकारी ससाण्यांची भेट घेऊन परतणाऱ्या शिर्वानच्या वकिलाच्या सोबतीने तो व्होल्गातून खाली निघाला. अस्त्राखानजवळ तार्तरांनी या तांड्यावर हल्ला केला. लुटल्या गेलेल्या लहान गलबतातच निकितीनचा माल होता व त्याबरोबर त्याचे धर्मग्रंथही गेले. पुढे कॅस्पियन समुद्रात वादळाने दुसरे एक गलबत किनाऱ्यावर फुटले व त्यावरील लोक कायताक टोळीच्या हाती सापडले. शिर्वानच्या शाहाने रदबदली करून बंदिवानांची सुटका करविली. परंतु मायदेशी परतण्यासाठी द्रव्य देण्यास त्याने नकार दिला. ज्यांचे रशियात काही शिल्लक होते ते परत फिरले व ज्यांच्यावर तेथे कर्ज होते ते वाट फुटेल तिकडे गेले, अशा आशयाची नोंद निकितीनने केली आहे. तो स्वतः दुसऱ्या वर्गात मोडत असावा. कारण रिकाम्या हातांनी परतण्याऐवजी त्याने दक्षिणेची वाट धरली. देर्बेंत व बाकू येथे राहून तो समुद्रमार्गे इराणच्या माझंदरान प्रांतात गेला. तेथून रे, काशान, येझ्द व लार या नगरांवरून मजल दरमजल करीत तो इराणी आखाताच्या मुखाशी असलेल्या होर्मूझ बेटावर पोहोचला.

होर्मूझ ते चौल : होर्मूझ ही त्या काळी पश्चिम आशिया व भारत यांच्यातील सागरी व्यापाराची मोठी पेठ होती. तेथे सर्व देशांचे व्यापारी येत, सर्व प्रकारचा माल मिळे आणि मालाच्या किमतीचा दहावा हिस्सा जकात म्हणून द्यावा लागे, असे निकितीन सांगतो. भारताकडे जाणाऱ्या मालात घोड्यांचे स्थान प्रमुख होते. दख्खनच्या हवामानात उत्तम प्रतीच्या घोड्यांची पैदास होत नसे आणि बहमनी व विजयनगर या दोन्ही प्रतिस्पर्धी राज्यांच्या सैन्यांची मदार घोडदळावर होती. त्यामुळे अरबस्तान व इराण येथील घोड्यांना येथे मोठी किंमत मिळे. निकितीनने आपले उरलेसुरले भांडवल एका घोड्यात गुंतविले. हा घोडा भारतात आणीपर्यंत त्याला शंभर रूबल खर्च आला. ज्या गलबतातून घोडे नेले जात होते, त्यातूनच ईस्टरनंतरच्या आठवड्यात तो निघाला व मस्कत, गुजरात, खंबायत या मार्गाने सहा आठवड्यांनी चौल बंदरात उतरला. चौल हे आजच्या रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदीच्या मुखाजवळ वसलेले प्राचीन बंदर होय.

चौलमधील लोकांचा पेहराव, त्यांचा सावळा वर्ण, उघडी मस्तके व केसांची एकच वेणी यांचे त्याला नवल वाटले. आपण जिकडे जावे तिकडे गोऱ्या माणसाला पाहण्यासाठी लोकांचा घोळका मागे येतो, अशीही नोंद त्याने केली आहे. चौलहून पाली येथे आठ दिवसांत, तेथून ‘उमरी’ या गावी दहा दिवसांत व तेथून जुन्नरला सहा दिवसांत तो पोहोचला. एरवी काही दिवसांच्या असलेल्या या वाटेला चोवीस दिवस लागले. हा प्रवास ऐन पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीचे घाट चढून झाला, हे लक्षात घेता या विलंबाचा उलगडा होतो.

जुन्नर येथील वास्तव्य : जुन्नर येथे निकितीन दोन महिने राहिला. तेथील वर्षाऋतूला तो ‘हिवाळा’ म्हणतो. कारण रशियात ज्याप्रमाणे हिवाळ्यात प्रवास थांबवून एका जागी राहावे लागते, त्याप्रमाणे येथे पावसात राहावे लागले. चार महिने रात्रंदिवस सर्वत्र पाणी व चिखल असतो आणि त्याच दिवसांत येथील लोक नांगरणी व पेरणी करतात, ही गोष्ट त्याला अपूर्व वाटली. घोड्यांना हरभरा तसेच साखर व तेल घालून शिजविलेली खिचडी देतात. बैल व म्हशी ओझ्यासाठी वापरतात. नारळापासून मद्य करतात, इ. तपशील त्याने दिले आहेत. जुन्नरचा दुर्ग अखंड खडकावर असून तो देवानेच घडविला आहे व वर जाणारी वाट इतकी अरुंद आहे की, तिच्यावरून एका वेळी एकच माणूस चढू शकतो, असे तो सांगतो. हे वर्णन शिवनेरीला लागू पडते.

जुन्नर येथे बहमनी राज्याचा असदखान नावाचा अंमलदार होता. त्याचा वरिष्ठ म्हणून निकितीनने ‘मेलिक तुजार’ याचा निर्देश केला आहे. हा मेलिक तुजार म्हणजे बहमनी वजीर महमूद गावान असून ‘मलिक-उत्-तुज्जार’ (व्यापाऱ्यांचा प्रमुख) हा त्याचा किताब होता. निकितीन मुसलमान नसून ख्रिस्ती आहे, हे समजल्यावर असदखानाने त्याचा घोडा जप्त केला. इस्लामचा स्वीकार केल्यास घोडा व वर एक हजार सुवर्णनाणी देण्याचे, नाही तर घोडा परत न देता तितकाच दंड वसूल करण्याचे त्याने फर्मावले व विचारासाठी चार दिवसांची मुदत दिली. मुदत संपण्याच्या सुमारास खोरासानचा ख्वाजा मुहम्मद नावाचा गृहस्थ तेथे आला. त्याने खानाकडे रदबदली करून घोडा सोडविला व धर्मांतराची सक्तीही टाळली. हा प्रसंग निकितीनच्या मनाला खोलवर लागला. आपल्याला येथे विपुल माल मिळेल असे सांगणाऱ्यांनी फसविले. मिरी व रंग स्वस्त असले, तरी रशियात खपेल असा माल येथे नाही, समुद्रात चाच्यांचा उपद्रव आहे व जकात भारी आहे, असा निष्कर्ष त्याने याच ठिकाणी नोंदविला. ज्यांना हिंदुस्थानात जायचे असेल त्यांनी आपला धर्म रशियात ठेवूनच निघावे, असा कडवट इशाराही त्याने आपल्या देशबांधवांना दिला.

बीदर व श्रीशैलम् : ऑगस्टच्या मध्यास निकितीन जुन्नरहून निघाला व महिन्याभराने बहमनी राजधानी बीदर येथे पोहोचला. जुन्नरहून आग्नेयेस बीदरकडे जाण्याची सरळ दिशा आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातून, सीना नदीचे खोरे ओलांडून जाते. या टप्प्यातील गावांची नावे मात्र त्याने दिलेली नाहीत. बीदरहून तो गुलबर्ग्याकडेही जाऊन आला. वर्षभर पोसलेला घोडा त्याने नाताळच्या सुमारास बीदर येथे विकला.

बीदरच्या राजवाड्याची सात द्वारे, प्रत्येक द्वारावरील शंभर पहारेकरी व ये-जा करणाऱ्यांची नोंद ठेवणारे कारकून, सोन्याने मढविलेले नक्षीकाम आणि रात्री मशाली घेऊन फिरणारे स्वार यांचे त्याने वर्णन केले आहे. सुलतान सहलीला निघाला म्हणजे त्याच्याबरोबर दहा हजार स्वार, पन्नास हजार पायदळ व दोनशे हत्ती असतात, असे तो लिहितो. असे आकडे अतिशयोक्त असण्याचा संभव आहे. तथापि देश दाट वस्तीचा असून खेड्यांतील प्रजा फार दरिद्री आणि सरदार मात्र अतिशय श्रीमंत व विलासी आहेत, हे त्याचे निरीक्षण इतिहासकारांनी वारंवार उद्‌धृत केले आहे. राज्यकारभाराची सूत्रे खोरासानी सरदारांच्या हाती आहेत, हेही त्याने ओळखले होते. आळंद येथील शेख अलाउद्दीनच्या उरुसात भरणाऱ्या दहा दिवसांच्या बाजारात वीस हजार घोडे विक्रीस येतात, अशी त्याची नोंद असून ती दख्खनमधील घोड्यांच्या व्यापाराच्या व्याप्तीची कल्पना देते.

बीदर येथे निकितीनने आपली खरी ओळख हिंदूंना सांगितली. परदेशात तो ‘ख्वाजा युसुफ खोरासानी’ या नावाने वावरत होता. तो मुसलमान नाही हे कळल्यावर हिंदूंनी आपला आहार, पूजाविधी व घरातील व्यवहार त्याच्यापासून लपविले नाहीत. येथे चौऱ्याऐंशी पंथ असून एका पंथाचे लोक दुसऱ्याशी रोटीबेटीव्यवहार करीत नाहीत. कोणी मांस-मासे खातात, पण गोमांस कोणीच खात नाही. सर्वजण उजव्या हाताने जेवतात, अशी माहिती त्याने गोळा केली. हिंदू यात्रेकरूंबरोबर महिन्याभराचा प्रवास करून तो शिवरात्रीस ‘पर्वत’ म्हणजे श्रीशैलम् येथे गेला. हे हिंदूंचे जेरूसलेम होय, अशी तुलना करून त्याने तेथील काळ्या पाषाणाचा नंदी, देवळाच्या भिंतींवरील शिल्पे व पाच दिवसांची जत्रा यांचे वर्णन केले आहे. कालिकत, श्रीलंका, पेगू व चीन यांविषयीची त्याची माहिती ऐकीव आहे. ज्या घरावर बसेल तेथे मृत्यू आणणारा पक्षी, वानरांचा राजा व त्याची सेना यांसारख्या लोककथाही त्याने ऐकल्या तशाच दिल्या आहेत.

धर्मनिष्ठेचा पेच : वृत्तांतात सर्वत्र जाणवणारी गोष्ट म्हणजे निकितीनची धार्मिक अस्वस्थता. ग्रंथ लुटले गेल्यामुळे त्याला ईस्टर व उपवासाचे दिवस निश्चित करता येईनात. आकाशातील नक्षत्रे पाहून तो तिथींचा अंदाज बांधी व पुष्कळदा मुसलमानांच्या रोज्यांबरोबर आपले उपवास पाळी. परक्या मुलखात आपण ख्रिस्ती उरलो आहोत की नाही, अशी शंका त्याने बोलून दाखविली आहे. मायदेशाविषयीची प्रार्थना व तेथील सरदारांच्या अन्यायाविषयीची तक्रार त्याने रशियनऐवजी तुर्की भाषेत लिहिली आहे. ग्रंथाच्या अखेरीस अरबी भाषेतील ईश्वरस्तुती येते. यावरून त्याने इस्लामचा स्वीकार केला असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. इतरांच्या मते ही भाषा पूर्वेकडील बाजारपेठांत वावरणाऱ्या व्यापाऱ्याची नित्याची मिश्रभाषा होती व उघडपणे लिहिता न येणाऱ्या गोष्टींसाठी त्याने तिचा आश्रय घेतला.

परतीचा प्रवास व मृत्यू : निकितीन परतीसाठी दाभोळ बंदरात गलबतावर चढला. वाऱ्यामुळे गलबत आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे गेले. तेथील हबशी लोकांना तांदूळ, मिरी व भाकरी देऊन प्रवाशांनी लूट टाळली. तेथून मस्कत व होर्मूझमार्गे इराण ओलांडून तो तब्रीझजवळ तुर्कमान राजा उझून हसन याच्या छावणीत गेला. पुढे त्राबझोन येथे तो शत्रूच्या छावणीतून आल्याचे कळताच ऑटोमन अधिकाऱ्यांनी गुप्त पत्रांच्या शोधात त्याचे सर्व सामान उलटेपालटे केले व त्यात मौल्यवान वस्तू नाहीशा झाल्या. काळा समुद्र ओलांडून तो क्रिमियातील काफा येथे पोहोचला. परंतु त्व्हेरला परत जाणे त्याच्या नशिबी नव्हते. स्मोलेन्स्कला पोहोचण्यापूर्वीच वाटेत त्याचा मृत्यू झाला. त्याच्या हस्ताक्षरातील वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेऊन ग्रँड ड्यूकचा चिटणीस व्हसीली मामिऱ्येव्ह याच्या स्वाधीन केल्या व १४७५ सालाखाली त्यांतील मजकूर बखरीत समाविष्ट झाला.

दख्खनच्या इतिहासातील महत्त्व : महमूद गावान हाही कॅस्पियन समुद्राकाठच्या गीलान प्रांतातून व्यापारी म्हणून समुद्रमार्गे दाभोळला आलेला होता. निकितीन ज्या वाटेने आला, ती इराणी विद्वान, सैनिक व व्यापारी यांची रुळलेली वाट होती. वृत्तांतात उल्लेखिलेली, समुद्रात लूटमार करणाऱ्यांविरुद्धची मोहीम म्हणजे गावानने १४६९–७२ मध्ये कोकणात केलेली व गोव्याच्या विजयाने संपलेली स्वारी होय. परदेशी (आफाकी) व दख्खनी सरदारांतील वैमनस्यातून १४८१ मध्ये गावानचा वध झाला. त्यानंतर सत्ता दख्खनी गटाचा नेता मलिक हसन निजाम-उल्-मुल्क याच्याकडे गेली. जुन्नरची जहागीर सांभाळणारा त्याचा मुलगा मलिक अहमद याने १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी सैन्याचा पराभव करून स्वतंत्र सत्ता स्थापिली व १४९४ मध्ये सीना नदीकाठी अहमदनगर शहराचा पाया घातला.

निजामशाहीच्या प्रारंभीच्या सामर्थ्याचे आधार निकितीनच्या वर्णनात अगोदरच दिसतात : जुन्नरचा अभेद्य दुर्ग, चौल बंदर, त्यांना जोडणारा घाटमार्ग व समुद्रमार्गे येणारे घोडे. चौल हे निजामशाहीचे प्रमुख बंदर झाले. त्यावरील वर्चस्वासाठी पोर्तुगीजांशी संघर्ष अटळ होता. पोर्तुगीजांना १५२१ मध्ये तेथे किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली. पुढे मुर्तझा निजामशाहाने १५७०-७१ मध्ये घातलेला वेढा निष्फळ ठरला. होर्मूझही दरम्यान पोर्तुगीजांच्या हाती गेल्याने निकितीनच्या काळातील जकात देऊन मुक्तपणे चालणारा घोड्यांचा व्यापार परवान्यांच्या जाळ्यात सापडला.

बहमनी काळाचे आपले ज्ञान मुख्यत्वे नंतरच्या फार्सी ग्रंथांवर आधारलेले आहे. त्यांपैकी सय्यद अली तबातबाचा बुर्हान-इ-मआसिर हा अहमदनगरच्या दरबारात सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिला गेला. बालपण अहमदनगरला घालविलेल्या फिरिश्ताने आपला इतिहास विजापूर येथे सतराव्या शतकाच्या आरंभी पूर्ण केला. दोन्ही ग्रंथ वर्णित घटनांनंतर शंभरांहून अधिक वर्षांनी रचलेले असून त्यांचा भर राजे, सरदार व लढाया यांवर आहे. निकितीन हा प्रत्यक्षदर्शी समकालीन होता. राजाश्रयाची अपेक्षा नसल्याने त्याने बाजारभाव, आहार, शेती, जत्रा व प्रजेचे दारिद्र्य यांची नोंद केली. त्याचे आकडे व स्थलनामे तपासून घ्यावी लागतात. त्याची दृष्टी मात्र सामान्य माणसाची आहे व हेच त्याच्या ग्रंथाचे वेगळेपण होय.

ग्रंथाचा शोध व स्मृती : हा वृत्तांत सुमारे साडेतीन शतके जवळजवळ अज्ञात होता. इतिहासकार निकलाय करमझीन याला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे हस्तलिखित सापडले व रशियाच्या आपल्या इतिहासात त्याने त्याचा परिचय करून दिला. संपूर्ण मजकूर १८२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८५७ मध्ये हॅक्लूट सोसायटीने आर्. एच्. मेजर याच्या संपादनाखालील ग्रंथात त्याचे इंग्रजी भाषांतर प्रकाशित केले. त्व्हेर येथे १९५५ मध्ये व्होल्गाकाठी निकितीनचा पुतळा उभारण्यात आला. त्याच्या प्रवासावर आधारित परदेसी (१९५७) हा भारत व सोव्हिएट रशिया यांच्या संयुक्त निर्मितीचा चित्रपट ख्वाजा अहमद अब्बास व व्हसीली प्रोनिन यांनी दिग्दर्शित केला. त्यात अलेग स्त्रिझेनोव्ह व नर्गिस यांच्या प्रमुख भूमिका होत्या. चौललगतच्या रेवदंडा येथे या शतकाच्या आरंभी त्याचा स्मृतिस्तंभ उभा राहिला.

निकितीन हा भारतात आलेला पहिला यूरोपीय नव्हे. मार्को पोलो व व्हेनिसचा निकोलो कोंती हे त्याच्या आधी येऊन गेले होते. त्याच्या प्रवासामुळे रशिया व भारत यांच्यात नवा व्यापारमार्गही सुरू झाला नाही. किंबहुना त्याचा स्वतःचा निष्कर्ष अशा व्यापाराला प्रतिकूलच होता. दोन देशांच्या मैत्रीचा अग्रदूत म्हणून नंतरच्या काळात त्याचा गौरव झाला असला, तरी मोठ्या आरमाराचे वा राजसत्तेचे पाठबळ नसताना एक घोडा घेऊन आलेल्या या व्यापाऱ्याने निजामशाहीच्या उदयापूर्वीचा दख्खन जसा पाहिला तसा नोंदवून ठेवला, हीच त्याची चिरस्थायी कामगिरी मानावी लागेल.